सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा: संभाजीनगरात मुक्काम ठेवून चार दिवस

प्रश्न थोडक्यात असा. जानेवारीचा शेवटचा आठवडा, शनिवार ते मंगळवार असे चार पूर्ण दिवस, मुक्काम छत्रपती संभाजीनगरात, गाडी स्वतःची. सोबत सत्तरीचे आई-वडील, दोघांचेही गुडघे कुरकुरणारे, आणि पक्षी-प्राण्यांचं वेड असलेली दहा वर्षांची मुलगी. यादीत अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, पैठण-जायकवाडी, गौताळा अभयारण्य आणि लोणारचं विवर. अजिंठा-वेरूळ एका दिवसात उरकेल का आणि गौताळ्यात सफारी मिळेल का, हेही विचारलंय.

आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. बहुतेकजण हे उलटसुलट लक्षात ठेवतात आणि गडबड होते. तुमच्या चार दिवसांत हे दोन्ही वार येतात. म्हणून अनेकजण सांगतील की शनिवार-रविवारी दोन्ही लेणी उरकून घ्या. तसं करू नका. या दोन दिवशी वेरूळला सहलींच्या बसगाड्यांची रांग लागते आणि दौलताबादच्या वेशीत रस्ता तुंबतो. सोमवारी वेरूळ उघडं असतं, मंगळवारी अजिंठा उघडा असतो. तेच दोन वार त्यांना द्या. अजिंठा बंद म्हणून सोमवारी काही गट वेरूळकडे वळतात हे खरं, पण रविवारच्या गर्दीपुढे ती काहीच नाही. मग क्रम असा लागतो: शनिवारी पहाटे जायकवाडी आणि मग पैठण, रविवारी उजाडताच दौलताबाद आणि दुपारनंतर शहर, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. लोणार आणि गौताळा या खेपेला सोडा. कारणं पुढे येतील.

अजिंठा-वेरूळ एका दिवसात? नाही. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर वायव्येला, अजिंठा शंभरेक किलोमीटर उत्तरेला, सिल्लोडच्या रस्त्यावर. दोन्हींना जोडणारा सोयीचा रस्ता पुन्हा शहराच्या आसपास आणूनच सोडतो. अजिंठ्याला नुसतं जाऊन यायला पाच तास जातात आणि लेण्यांत चार-साडेचार तास लागतात. जे दोन्ही एका दिवसात करतात त्यांनी वेरूळचं कैलास लेणं बाहेरून पाहिलेलं असतं आणि अजिंठ्याचं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र लोकांच्या डोक्यांवरून.

शनिवारपासून सुरुवात करू. पैठण शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. गोदावरीवरचं जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झालं. भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब. मागे पसरलेल्या नाथसागराला 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र 341 चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या पाण्यावर पक्षी कुठे असतील, हे त्या वर्षीच्या पाणीपातळीवर ठरतं. पाऊस चांगला झाला आणि धरण काठोकाठ भरलं की जानेवारीपर्यंत पाणी फारसं ओसरत नाही, चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडत नाहीत आणि शेकाट्या, तुतवार, चमचा असे उथळ पाण्यात चरणारे पक्षी विखुरतात. अशा वर्षी बदकंच जास्त दिसतात: चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, शिवाय वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळेभोर थवे. पाणी लवकर ओसरलेलं असेल तर चिखलाचे काठ गजबजतात. म्हणून निघायच्या आठवड्यात धरणातला साठा किती टक्के आहे ते बातम्यांत बघून ठेवा आणि तेवढ्यावरून मुलीला काय दिसेल ते सांगा. रोहित पक्ष्यांचं वचन तिला देऊ नका. ते येतात, पण पाणी खाली गेल्यावर, बऱ्याचदा हिवाळा सरता सरता.

शहरातून साडेपाचला निघा, सूर्योदयाला काठावर असा. थंडीची तीच वेळ. नऊ-साडेनऊनंतर वारा उठतो, पाण्यावर लाटा येतात, मच्छीमारांच्या होड्या फिरू लागतात आणि थवे आत सरकतात. उन्हं तापली की पाण्यावरची हवा थरथरते. मग कितीही चांगली दुर्बीण असली तरी पक्षी ओळखता येत नाही. सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि पंखांचे रंग दिसतात. उलट्या काठावरून दिसतील त्या नुसत्या काळ्या आकृत्या. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते. दहा पटींची लहान हातात हलते.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली, थव्याच्या रोखाने सरळ चालत जाणं. पक्षी उडतात आणि थेट अर्ध्या किलोमीटरवर जाऊन बसतात. तिरकं, थांबत थांबत जा, किंवा त्याहून सोपं म्हणजे गाडीतच बसून काच खाली करा. गाडीला पक्षी माणसाइतके घाबरत नाहीत आणि आई-वडिलांनाही उतरावं लागत नाही. दुसरी चूक गाडीची. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. तिथली काळी माती वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते, पण वीतभर खाली लोणी. चाक एकदा बसलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. मळलेली चाकोरी सोडू नका, आणि कुणाच्या पेरलेल्या रानातून तर मुळीच जाऊ नका. जाताना अंधारात उसाच्या ट्रॉल्यांकडे लक्ष ठेवा. हंगाम असतो आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा सोडाच, साधी चमकपट्टीही नसते.

दहापर्यंत पक्षी संपले की पैठण गाव. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. गोदाकाठी एकनाथ महाराजांची समाधी आणि गावात नाथांचा वाडा, दोन्ही ठिकाणी मिळून तासभर. फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास मात्र इकडे येऊ नये, वारीची गर्दी असते. तुमच्या तारखांना तो प्रश्न नाही. मागावर पैठणी विणताना बघायला मुलीला आवडेल. खरेदी करणार असाल तर पदर उलटा करून बघा. हातमागावर विणलेल्या पदराची मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ असते. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसत असतील, तर ती यंत्रमागाची. तीही घ्यायला हरकत नाही, पण त्या भावात.

रविवार दौलताबाद. शहरापासून पंधरा किलोमीटर, पण वेरूळचा रस्ता इथे किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यातून जातो आणि त्यात एका वेळी एकच मोठी गाडी मावते. सुटीच्या दिवशी दहानंतर दोन्हीकडून कोंडी होते. म्हणून किल्ला उघडायच्या वेळीच दारात असा.

हा यादवांचा देवगिरी. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे हलवली तेव्हापासून नाव दौलताबाद. किल्ल्याचा खरा पराक्रम वरच्या टोकाला नाही, मध्यावर आहे. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभी भिंत केलीय, पायथ्याशी खडकातच खंदक खोदलाय आणि आत शिरायला एकच अरुंद पूल. पुलापलीकडे अंधारी: वळणावळणाचा, काळोखा, चढता बोगदा. शत्रू आत आला तर वाट चुकावी, आपापसांतच भिडावं, अशी रचना. आज तिथे वटवाघळं आहेत, त्यांच्या विष्ठेचा वास आहे आणि पायऱ्या निसरड्या आहेत. विजेरी लागतेच. मोबाइलचा उजेड पुरतो, पण मग एक हात अडकतो, आणि इथे दोन्ही हात मोकळे हवेत. मुलीला वटवाघळं बघायची असतील तर उजेड छतावर रोखू नका, खाली पायांपाशी ठेवा. ज्यांना अंधारी नको त्यांच्यासाठी बाहेरून पायऱ्यांची वाट आहे.

आई-वडिलांनी पुलाच्या पुढे जाऊ नये. त्यात त्यांचं फार काही बुडत नाही. पहिल्या दरवाज्यापासून चांदमिनार, हत्ती हौद, जुन्या देवळाच्या खांबांचं भारतमाता मंदिर आणि चिनी महालापर्यंतचा रस्ता थोडासाच चढाचा. गोवळकोंडा 1687 मध्ये पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह या चिनी महालातच कैदेत होता. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे उरलेसुरले तुकडे अजून दिसतात. शेजारच्या बुरुजावरची मेंढा तोफ बघायला काही पायऱ्या आहेत, कठडा धरून जमतील. तुम्ही दोघं आणि मुलगी वरच्या बारादरीपर्यंत जाऊन याल तोवर, म्हणजे दीड-दोन तास, ते झाडाखाली बसू शकतात. त्यांच्याजवळ पाणी ठेवून जा.

दुपारी जेवून, विसावून शहरातलं बघा. बीबी का मकबरा औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिचा, 1660 च्या सुमाराचा. ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडायची पद्धत आहे, ती बाजूला ठेवली तर एक गोष्ट नीट दिसते: घुमट आणि खालचा पट्टा संगमरवराचा, मधला सगळा भाग दगडावर चुन्याच्या गिलाव्याचा. पैसा कुठे संपत आला आणि कारागिराने ते कसं झाकलं, हे जवळून बघितलं की कळतं. चारनंतर जा, तासभर पुरे. तिथून दोन-तीन किलोमीटरवर डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, तीही बौद्ध. सातव्या लेण्यात आठ संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर आणि गाभाऱ्यात वाद्यवृंदासह नाचणारी स्त्री आहे. तिच्यासाठी पायऱ्या चढणं वसूल आहे, पण आई-वडिलांचं सकाळीच बरंच चालणं झालेलं असेल. त्यांना मकबऱ्याच्या बागेत बसवून तुम्ही जाऊन या, किंवा सोडा. पाणचक्कीला अर्धा तास असेल तरच जा.

सोमवारी वेरूळ, आणि पूर्ण दिवस वेरूळच. लेणी चौतीस, सगळी एका रांगेत, दक्षिणेकडून उत्तरेकडे: एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. टोकापासून टोकापर्यंत दोन किलोमीटरच्या आसपास, म्हणून जैन लेण्यांकडे जाणाऱ्या गाडीतून जा. गुडघेवाल्यांनी हे अंतर पायी तोडून ताकद वाया घालवू नये. गाडी प्रवेशाजवळच मिळते.

डोंगराचं तोंड पश्चिमेला आहे, त्यावर दिवसाचा क्रम ठरतो. सकाळी लेण्यांच्या दर्शनी भागावर सावली असते, दुपारी अडीच-तीननंतर ऊन थेट आत शिरतं. तरीही कैलास, म्हणजे सोळावं लेणं, उघडता उघडताच गाठा, कारण साडेदहानंतर अंगणात गर्दी मावत नाही. मग दुपारी परतताना पुन्हा पंधरा मिनिटं आत जा, उजेडातला कैलास बघायला.

कैलास राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातला, आठव्या शतकाचा उत्तरार्ध. वरून खाली कोरत आणला. आधी डोंगरात तीन बाजूंनी चर खणले, मध्ये जो प्रचंड ठोकळा उरला त्यातून शिखर, मग सभामंडप, मग जोतं. खालून वर बांधायचं नसल्याने परांची लागली नाही, पण एकदा उडालेली कपची परत बसवायची सोय नव्हती. हे डोळ्यांनी समजून घ्यायचं तर आत शिरण्याआधी बाजूच्या टेकडीवरून वरची बाजू बघा. कठड्याच्या आत राहा, धार सरळ खाली उतरते. वडीलधाऱ्यांनी खालीच थांबावं. अंगणात प्रदक्षिणा घालताना दक्षिणेच्या बाजूला सभामंडपाच्या खाली रावण कैलास हलवतोय तो देखावा आहे. बहुतेकजण पाठमोरे होऊन जोत्यातल्या हत्तींचे फोटो काढतात आणि हा राहून जातो. जरा वेळ थांबा: खाली वीस हातांनी जोर लावणारा रावण इतका खोल कोरलाय की तो खडकापासून सुटाच वाटतो, वर पार्वतीने घाबरून शंकराचा दंड धरलाय, मागे दासी पळून चाललीय आणि शंकर मात्र निवांत पायाचा अंगठा दाबून बसलाय. जोत्याच्या भिंतीवर एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत आहे, मुलीला ओळखायला लावा. कुठे कुठे पांढऱ्या गिलाव्याचे पोपडे दिसतील, म्हणजे हे सगळं पूर्वी असं काळं नव्हतं.

कैलासानंतर जैन लेणी, बत्तिसावी इंद्रसभा. वरच्या मजल्यावर छताला रंगाचे अवशेष आहेत. आंब्याखाली बसलेली अंबिका चुकवू नका, झाडावरचे आंबे मोजता येतील इतके स्पष्ट. जेवून दुपारी बौद्ध बाजू. बारावं तीन ताल बाहेरून अगदी सपाट, शाळेच्या इमारतीसारखं, म्हणून लोक पुढे जातात. तिसऱ्या मजल्यावर ओळीने बसलेले सात बुद्ध आहेत. जिना मात्र अंधारा आणि उंच पायऱ्यांचा, गुडघेवाल्यांनी दहाव्यावर समाधान मानावं. दहावं विश्वकर्मा हे इथलं एकमेव चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. छताला लाकडी फासळ्यांची हुबेहूब नक्कल दगडात. दुपारचं ऊन वरच्या खिडकीतून आत उतरतं, म्हणूनच ते शेवटी ठेवायचं. वेळ कमी पडला तर दोन, तीन, चार, सात, आठ, नऊ यांच्यावरून सरळ पुढे जा.

घृष्णेश्वर जवळच आहे, पण सोमवार म्हणजे महादेवाचा वार. दर्शन हवंच असेल तर लेणी उघडायच्या आधी, पहाटे जा. मोबाइल आत नेऊ देत नाहीत आणि पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगाने जावं लागतं. जानेवारीच्या थंडीत वडिलांना हे आधीच सांगून ठेवा. खुलताबादला औरंगजेबाची कबर, मलिक अंबरचा मकबरा आणि पहुडलेला भद्रा मारुती, पण या दिवसात ते कोंबू नका.

मंगळवारी अजिंठा. साडेसहाला शहर सोडा. फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी गाड्या थांबवतात, तिथून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने. फाट्यावरच्या दुकानदारांशी बोलण्यात अर्धा तास जातो, ते परतताना. तिकीट आदल्या संध्याकाळी शहरातच ऑनलाइन काढून त्याचा फोटो जपून ठेवा, घळीत नेटवर्कचा भरवसा नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. स्वच्छतागृह वर चढण्याआधीच.

बसथांब्यापासून पहिल्या लेण्यापर्यंत चढ आहे आणि पुढेही वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या कड्यालगत चढ-उतार चालूच. आई-वडिलांसाठी डोली घ्या. संकोच करू नका, पण दर आणि कुठपर्यंत न्यायचं हे बसण्याआधी ठरवा: सव्विसाव्या लेण्यापर्यंत आणि परत, मध्ये थांबत. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं काढावी लागतात, म्हणून बंद न बांधायच्या चपला आणि पायात मोजे. सकाळी दगड बर्फासारखा असतो.

एक, दोन, सोळा आणि सतरा या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. चित्रं ओल्या गिलाव्यात मुरलेली नाहीत. माती, भुसा आणि तंतूंच्या लिंपणावर चुन्याचा पातळ हात देऊन, ते वाळल्यावर रंगवलेली आहेत, आणि माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने ते लिंपण सुटतं. म्हणून मर्यादा, म्हणून फ्लॅश बंद, म्हणून उजेड मंद. नऊला पोहोचलात तर एक आणि दोन लगेच करा. तुमच्या पुढे बसभर शाळा असेल तर थांबू नका: सरळ सोळा, सतरा, एकोणीस, सव्वीस करत जा आणि दीडच्या सुमारास, गट जेवायला उतरतात तेव्हा, एक-दोन गाठा.

आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं काहीही बघायचा प्रयत्न करू नका. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय भिंतीवर नुसते तपकिरी डाग दिसतात, आणि निम्मे लोक तेवढेच डाग बघून बाहेर पडतात. पहिल्या लेण्यात पद्मपाणी गाभाऱ्याच्या डाव्या हाताला. त्याच लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलीत आणि चौघांना मिळून डोकं एकच. कोणत्याही हरणाकडून बघा, ते त्याचंच वाटतं. मुलीला जागा न सांगता शोधायला लावा. दहावं लेणं सर्वांत जुन्यांपैकी, इसवीसनापूर्वीचं. तिथे एका खांबावर माणसाच्या डोक्याच्याही वर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 मध्ये कोरलेलं नाव आहे. इतकं उंच, कारण तेव्हा लेणं तेवढं गाळाने भरलं होतं. सव्विसाव्यात डाव्या भिंतीशी सात मीटरचा महापरिनिर्वाण बुद्ध. तो बघितल्याशिवाय परतू नका, दमणूक झाली तर तीन, पाच, आठ, चौदा, अठरा सोडा.

वानरं पिशव्या ओढतात, म्हणून खाण्याचं काही हातात नको. कड्यांवर आग्यामोहोळं असतात, ती वेरूळ-दौलताबादलाही आहेत. उग्र अत्तर लावू नका, धूर आणि दगड तर नाहीच. माशा उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-डोकं ओढणीने झाकून, मुलीला पुढे घालून तिथून लांब पळा किंवा जवळच्या बंद जागेत शिरा. चारच्या आत खालची बस पकडा, म्हणजे अजिंठ्याचा घाट उजेडी संपतो.

आता राहिलेली दोन. गौताळा औट्रामघाट अभयारण्य कन्नडजवळ, 1986 चं, सुमारे 261 चौरस किलोमीटर. बिबट्या, नीलगाय, रानडुक्कर आहेत. 2021 मध्ये टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूने चालत आलेला एक वाघही नोंदला गेला. पण ताडोब्यासारखी प्राणी दाखवणारी सफारी म्हणून इथे येऊ नये. झाडी दाट, उतार तीव्र, प्राणी बुजरे. मुलीची निराशा होईल. जवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांना तर खोल पायऱ्या उतरून जावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरात, फक्त तुम्ही तिघं, तेव्हा दोन्ही एका दिवसात छान जमतात.

लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, काळ्या बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं. शहरापासून दीडशेच्या आसपास किलोमीटर, समृद्धी महामार्गाने गेलात तरी एका बाजूला तीन तास धरा. तळापर्यंत उतरणं म्हणजे तेवढंच चढणं, सव्वाशे मीटरहून जास्त. गुडघेवाल्यांना काठावरूनच बघावं लागेल, आणि नुसत्या काठावरच्या तासाभरासाठी सहा तास गाडीत बसणं त्यांना परवडणार नाही. लोणारला एक रात्र मुक्काम ठेवा, वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान करा आणि सकाळी सातला उतरायला सुरुवात करा. निघण्याआधी वनखात्याकडे खाली जाणारी वाट चालू आहे का विचारा, तळ्याचं पाणी वाढलं की काठाची पायवाट आणि देवळं पाण्यात जातात.